आजीला पंख मिळाले का? – सिनेमातले देवदूत आणि पवित्र शास्त्रातले देवदूत

आजचा शास्त्रपाठ: १ राजे १९:१-८, प्रेषितांची कृत्ये १२:१-११, इब्री १:१४



आजचं मनन नेहमीपेक्षा थोडं लांब आहे. शक्य असेल तर पवित्र शास्त्र शेजारी उघडून ठेवा, कारण आज बरीच पानं उलटायची आहेत.

झालं असं की नाताळाच्या आधी आमच्या मंडळीच्या तरुण संघाने एक जुना इंग्रजी सिनेमा दाखवायचं ठरवलं. 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६ सालचा, फ्रँक काप्रा यांचा कृष्णधवल सिनेमा. शनिवारी संध्याकाळी सभागृहात पांढरी चादर ताणून बांधली, कुणीतरी प्रोजेक्टर आणला, आणि ज्यांना इंग्रजी समजत नाही त्यांच्यासाठी मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होते. माझ्या बहिणीची आठ वर्षांची मुलगी मला टेकून बसली होती. सिनेमाच्या शेवटी नाताळाच्या झाडावरची छोटी घंटी वाजते आणि नायकाची लहान मुलगी म्हणते की घंटी वाजली की एका देवदूताला पंख मिळतात. हेही मी मराठीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले, आणि आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेची घंटा वाजायला लागली आणि या पोरीने माझा हात ओढला. "मावशी, आजीला पंख मिळाले का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण चूक सिनेमाची नव्हती, माझी होती. पावसाळ्यात माझी आई प्रभूकडे गेली. दफनविधीच्या दिवशी ही मुलगी रडून रडून थकली होती, माझ्याही अंगात त्राण नव्हतं, आणि मी तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, "रडू नको, आजी आता देवदूत झाली." एवढी वर्षं मी संडे स्कूलमध्ये शिकवते. शास्त्रात असं कुठेही नाही हे मला माहीत होतं. तरी बोलून गेले. आता त्या लेकराकडे दोन साक्षीदार झाले होते, एक मावशी आणि दुसरा सिनेमा.

म्हणून गेले काही दिवस मी हाच विषय घेऊन बसले आहे. सिनेमा आपल्याला देवदूतांबद्दल काय शिकवतो आणि वचन काय शिकवतं, हे आज आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू या.

१. दूत म्हणजे निरोप्या

जुन्या करारातला इब्री शब्द आहे 'मलाख' आणि नव्या करारातला ग्रीक शब्द आहे 'अँगेलॉस'. दोन्हींचा साधा अर्थ निरोप घेऊन येणारा. हेच शब्द शास्त्रात माणसाने पाठवलेल्या साध्या जासुदासाठीही वापरलेले आहेत. इंग्रजीतल्या 'एंजल' शब्दातून हा अर्थ आता ऐकणाऱ्याला जाणवत नाही. तिथे 'एंजल' म्हटलं की गोड चेहरा आणि पांढरे पंख डोळ्यापुढे येतात. आपण मराठी माणसं भाग्यवान आहोत. आपल्या शब्दातच अर्थ बसलेला आहे: देवाचा दूत. दूत म्हटलं की लगेच दोन प्रश्न येतात. कोणी पाठवला? आणि निरोप काय?

आपल्याकडे पूर्वी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा. त्याला पाणी द्यायचो, कधी चहा द्यायचो, त्याचा मान ठेवायचो. पण पैसे कोणी पाठवले हे विसरून पोस्टमनचाच फोटो भिंतीवर लावला, असं कुठल्या घरात झालं नाही. शास्त्रातले देवदूत असेच असतात. येतात, निरोप देतात, काम करतात, निघून जातात. मानोहाने नाव विचारलं तर दूताने नाव सांगितलं नाही (शास्ते १३:१७-१८). योहान तर दोनदा देवदूताच्या पाया पडायला गेला आणि दोन्ही वेळा दूताने त्याला थांबवलं, मीही तुझ्यासारखाच एक दास आहे, नमन देवाला कर, अशा अर्थाचं सांगितलं (प्रकटीकरण १९:१०, २२:८-९).

सिनेमाची गरज वेगळी असते. सिनेमाला पात्र लागतं. पात्राला स्वतःची इच्छा लागते, अडचण लागते, शेवटी काहीतरी मिळावं लागतं. म्हणून सिनेमातल्या देवदूताला पंख हवे असतात, प्रेम हवं असतं, कधी सूडही हवा असतो. निरोप मागे पडतो आणि निरोप्याच नायक होतो. आजच्या मननातला मुख्य मुद्दा हाच आहे, तो लक्षात ठेवा. बाकीचे फरक यातूनच येतात.

२. पंख आले कुठून?

पंख शास्त्रात आहेत, पण आपण समजतो तिथे नाहीत. यशयाच्या ६ व्या अध्यायात सिंहासनाभोवतीच्या सराफीमांना सहा सहा पंख आहेत. दोन पंखांनी ते तोंड झाकतात, दोन पंखांनी पाय झाकतात आणि दोन पंखांनी उडतात. म्हणजे सहापैकी चार पंख देवाच्या पवित्रतेपुढे स्वतःला झाकण्यासाठीच आहेत! यहेज्केलाच्या १ ल्या अध्यायातल्या जिवंत प्राण्यांना चार पंख आणि चार तोंडं आहेत, आणि त्यांच्या बाजूची चाकं डोळ्यांनी भरलेली आहेत. पुढे १० व्या अध्यायात तो सांगतो की ते करूब होते. हे चित्र नाताळाच्या कार्डावर छापलं तर मुलं घाबरून रडतील.

पण निरोप घेऊन माणसांकडे येणाऱ्या देवदूतांच्या अंगावर पंख असल्याचं वर्णन नाही. अब्राहामाच्या तंबूपाशी आलेले तिघे माणसांसारखेच दिसत होते, त्याने त्यांचे पाय धुवायला पाणी आणवलं. मार्क १६:५ मध्ये कबरेत स्त्रियांना दिसतो तो पांढरा झगा घातलेला तरुण. प्रकटीकरण १४:६ मधला दूत अंतराळात उडतो, पण तिथेही पंखांचा उल्लेख नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रकारांनाही हे ठाऊक असावं. रोममधल्या प्रिस्किलाच्या भुयारी कबरस्तानात मरीयेला मिळालेल्या संदेशाचं फार जुनं चित्र आहे, त्यातल्या गब्रीएलाला पंख नाहीत. पाचव्या शतकात रोमच्याच सांता मारिया माज्जोरे या चर्चमधल्या मोझेइकमध्ये मात्र देवदूत पंखांसकट दिसतात. पुढे चित्रकारांनी ते पंख कायम ठेवले, आणि सिनेमाने ते चित्रांकडून घेतले.

आता कृपा करून कुणी येत्या नाताळाला मुलांचे थर्माकोलचे पंख फेकून देऊ नका. आमच्याकडेही चांदीचा कागद चिकटवलेले दोन जोड माळ्यावर ठेवले आहेत. पंखांनी फार बिघडत नाही. बिघडतं ते भीती नाहीशी झाल्याने. शास्त्रात देवदूत दिसला की माणूस गर्भगळीत होतो. दानीएलाच्या अंगात शक्ती उरली नाही (दानीएल १०:८). कबरेवरचे पहारेकरी मेल्यासारखे झाले (मत्तय २८:४). म्हणून तर जखऱ्याला, मरीयेला, मेंढपाळांना, कबरेवरच्या स्त्रियांना, सगळ्यांना दूताला आधी हेच सांगावं लागलं की घाबरू नका. सिनेमातल्या देवदूताला हे सांगावंच लागत नाही. त्याला पाहून कोण घाबरणार? १९९६ च्या 'मायकल' या सिनेमात जॉन ट्रॅव्होल्टा देवदूत झाला आहे. पोट सुटलेला, सिगारेट ओढणारा, साखरेवर जीव असलेला. हसू येतं, आणि हसण्यात काही पाप नाही. पण असे दहा देवदूत पाहिल्यावर, ज्या देवाने त्यांना पाठवलं तोही आपल्याला तसाच घरगुती, गमतीचा वाटायला लागतो. हा धोका आहे.

३. पुलावरचा माणूस आणि झुडपाखालचा माणूस

आता पुन्हा आमच्या शनिवारच्या सिनेमाकडे येऊ. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज बेली हा छोट्या गावातला चांगला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी स्वतःची स्वप्नं बाजूला ठेवलेला. नाताळाच्या आदल्या दिवशी त्याच्या काकांच्या हातून ८००० डॉलर हरवतात. तुरुंग समोर दिसतो. आपण जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटून तो पुलावर जातो. लोक त्याच्यासाठी प्रार्थना करतात आणि वरून क्लॅरेन्स नावाचा दुय्यम दर्जाचा देवदूत येतो, ज्याला दोनशे वर्षं होऊनही पंख मिळालेले नाहीत. जॉर्ज उडी मारण्याआधी क्लॅरेन्सच पाण्यात उडी मारतो, आणि जॉर्ज स्वतःचं मरण विसरून त्याला वाचवायला जातो. मग क्लॅरेन्स त्याला दाखवतो की तू जन्मलाच नसतास तर हे गाव कसं झालं असतं.

हा सिनेमा आला तेव्हा फारसा चालला नाही. १९७४ मध्ये त्याचा कॉपीराइट नव्याने नोंदवायचा राहून गेला, मग अमेरिकेतल्या टीव्ही वाहिन्या दर नाताळाला तो दाखवू लागल्या आणि तो घराघरात पोचला. मला तो आवडतो, खोटं कशाला सांगू? उडी मारणाऱ्याला दुसऱ्याला वाचवायला लावणं, ही फार शहाणपणाची गोष्ट आहे.

पण शास्त्रातही मरण मागणारा एक चांगला माणूस आहे आणि त्याच्याकडेही देवदूत येतो. एलीया. कर्मेलावरच्या विजयानंतर ईजबेल राणीची धमकी आली आणि तो जीव घेऊन पळाला. एक दिवसाची वाट चालून रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा प्राण घे. मग झोपला.

आता १ राजे १९:५-८ हळूहळू वाचा. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि उठून खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढची वाट एलीयाला झेपणारी नाही. संपलं! तू किती मोलाचा आहेस, तुझ्यामुळे किती लोक वाचले, यावर एक शब्दही नाही. भाकर, पाणी, झोप, आणि पुढची वाट.

फरक कुठे आहे पाहा. क्लॅरेन्स जॉर्जला त्याचं स्वतःचं आयुष्य दाखवतो. तू चांगला आहेस, म्हणून जग. ज्याचं आयुष्य जॉर्जसारखं चांगलं गेलं त्याला याने धीर येईल. पण ज्याने खरंच माती केली आहे, ज्याच्यामुळे घर मोडलं आहे, ज्याला वाटतं की मी नसतो तर बरंच झालं असतं, त्याला क्लॅरेन्स काय दाखवणार? एलीयाकडे आलेला दूत मात्र त्याला स्वतःकडे बघायला लावत नाही. तो त्याला होरेबाच्या वाटेला लावतो, जिथे खुद्द देव त्याच्याशी बोलणार आहे. ही वाट चांगल्या माणसासाठीही आहे आणि मोडलेल्या माणसासाठीही आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आज त्या झुडपाखाली बसलं असेल, तर मी तुम्हाला प्रवचन देत नाही. आधी दोन घास खा. झोप घ्या. एकटे राहू नका, आत्ताच घरातल्या कुणाला तरी किंवा पाळकांना सांगा, डॉक्टरांकडे जायची लाज वाटू देऊ नका. देवाने एलीयालाही आधी भाकरच दिली.

४. देवदूताला माणूस व्हायचं असतं का?

१९८७ मध्ये विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाचा 'विंग्ज ऑफ डिझायर' नावाचा सिनेमा आला. बर्लिनची भिंत तेव्हा उभी होती. लांब कोट घातलेले दोन देवदूत त्या शहरात फिरतात, ग्रंथालयात, रेल्वेच्या डब्यात, इमारतींच्या गच्चीवर. माणसांच्या मनातलं त्यांना ऐकू येतं. लहान मुलांनाच ते दिसतात. त्यांना सगळं जग कृष्णधवल दिसतं, रंग फक्त माणसांना दिसतात. त्यातला डॅमिएल शेवटी एका सर्कशीतल्या झुला घेणाऱ्या बाईच्या प्रेमाने देवदूतपण सोडून माणूस होतो. डोक्याला जखम होते, रक्त येतं, आणि तो रक्ताचा लाल रंग पाहून आनंदतो. याच कथेवरून १९९८ मध्ये 'सिटी ऑफ एंजल्स' निघाला, लॉस एंजेलिसमधला, निकोलस केज आणि मेग रायन यांचा.

हे सिनेमे फार हळुवार आहेत. पण शिकवण काय आहे? की स्वर्ग फिका आहे आणि पृथ्वी रंगीत आहे. देवाजवळ असणं म्हणजे काहीतरी हुकणं. शास्त्र याच्या उलट सांगतं. प्रभू म्हणाला की लहानग्यांचे देवदूत स्वर्गातल्या पित्याचं मुख नेहमी पाहतात (मत्तय १८:१०). जो ते मुख पाहतो त्याला काय कमी पडणार?

तरीसुद्धा या सिनेमाच्या हाती एक सत्य लागलं आहे. देवदूतांना माणसांच्या बाबतीत खरंच एका गोष्टीचं कुतूहल आहे. १ पेत्र १:१२ वाचा. आपल्याला जी सुवार्ता सांगितली गेली, त्यात डोकावून पाहण्याची देवदूतांना उत्कंठा आहे. सिनेमात एक माजी देवदूत डॅमिएलला गरम कॉफीचं, थंडीत हात चोळण्याचं सुख सांगतो. शास्त्रात देवदूतांना ओढ लागते ती आपल्या तारणाची, क्षमेची. २००५ च्या 'कॉन्स्टंटाइन'मधला गब्रीएल माणसांना इतक्या सहज क्षमा मिळते म्हणून जळतो. खरे देवदूत जळत नाहीत. एक पापी पश्चात्ताप करतो तेव्हा त्यांच्यासमोर आनंद होतो, असं प्रभूनेच सांगितलं (लूक १५:१०).

आणि स्वर्ग सोडून खरोखर रक्तामांसाचा झाला तो देवदूत नव्हता. तो पुत्र होता. इब्री लोकांस पत्राचा २ रा अध्याय हेच सांगतो, की तो देवदूतांच्या नव्हे तर अब्राहामाच्या संतानाच्या मदतीला आला, म्हणून सर्व बाबतीत आपल्यासारखा झाला. डॅमिएल स्वतःला काहीतरी मिळावं म्हणून खाली आला. येशू स्वतःला द्यायला आला. त्याचंही रक्त सांडलं, पण ते रंग पाहण्यासाठी नव्हतं.

५. जेव्हा सिनेमा मागे सरकतो

सगळेच सिनेमे चुकतात असं मला म्हणायचं नाही. फ्रँको झेफिरेल्ली यांची १९७७ ची 'जीझस ऑफ नाझरेथ' ही मालिका पुष्कळांनी पाहिली असेल. त्यात मरीयेला संदेश मिळतो तो प्रसंग आठवा. देवदूत दिसतच नाही, त्याचा आवाजही आपल्याला ऐकू येत नाही. खिडकीतून प्रकाश येतो आणि आपण फक्त मरीयेचा चेहरा पाहतो, तिची उत्तरं ऐकतो. दिग्दर्शकाने निरोप्याला बाजूला ठेवलं, म्हणून निरोप मोठा झाला.

१९४७ च्या 'द बिशप्स वाइफ'मध्येही शेवट मला फार आवडतो. कॅरी ग्रँट झालेला देवदूत मध्ये बिशपच्या बायकोकडे जरा जास्तच ओढला जातो, ते सोडून द्या. पण काम झाल्यावर तो निघून जातो आणि सगळ्यांच्या आठवणीतून स्वतःला पुसून टाकतो. नाताळच्या रात्रीच्या प्रवचनात त्याचं नावही नाही, बोलणं आहे ते ज्याचा वाढदिवस आहे त्या बाळाबद्दल. आपण सेवा करणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे. काम झालं, नाव राहिलं नाही, प्रभूचं राहिलं. चालेल का आपल्याला?

६. दूत आला नाही तेव्हा

आता सगळ्यात अवघड भाग. सिनेमात देवदूत वेळेवर येतो. पुलावर, शेवटच्या क्षणी. माझ्या आईच्या शेवटच्या रात्री मी रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून देवाला म्हटलं, प्रभू, एक दूत पाठव. फक्त एक. पहाटे चार वाजता नर्स बाहेर आली आणि तिने मान हलवली. कुणीही आलं नव्हतं.

पुष्कळ महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. संडे स्कूलच्या बाईंनी असं बोलायचं नसतं. मग हा अभ्यास करताना प्रेषितांच्या कृत्यांचा १२ वा अध्याय पुन्हा वाचला. आपण तो नेहमी पेत्राच्या सुटकेसाठी वाचतो. तुरुंगात प्रकाश पडला, दूताने त्याच्या कुशीला हात मारून उठवलं, साखळ्या गळून पडल्या, जोडे घाल, कपडे घाल, चल. लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. आणि एक रस्ता ओलांडल्यावर दूत निघून गेला. किती सुंदर!

पण त्याच अध्यायाचं दुसरं वचन? हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. एक वचन, पुढे काही नाही. प्रकाश नाही, दूत नाही, दरवाजा नाही. याकोबाचा विश्वास कमी होता का? त्याच्यावर मंडळीचं प्रेम कमी होतं का? शास्त्र असं म्हणत नाही. पेत्र आणि याकोब, दोघेही प्रभूचे जवळचे. एकासाठी दूत आला, एकासाठी आला नाही. लूकाने दोन्ही लिहून ठेवलं, एकही लपवलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे पुस्तक माझ्या बाकाची गोष्ट ओळखतं.

आणि मग गेथशेमाने. प्रभू म्हणाला की मागितलं तर पिता देवदूतांच्या बारा पलटणींपेक्षा जास्त पाठवेल (मत्तय २६:५३). त्याने मागितल्या नाहीत. लूक सांगतो की एक दूत आला, त्याने प्रभूला शक्ती दिली (लूक २२:४३). प्याला मात्र काढून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर कुणी आलं नाही. ज्या रात्री आपल्यासाठी कुणी येत नाही, त्या रात्री आपण एकटे नसतो. आपला प्रभू त्या ठिकाणी आधी जाऊन आला आहे. सिनेमाला हे दाखवता येत नाही, कारण तिथे दूत आला नाही तर गोष्टच संपते. आपली गोष्ट तिसऱ्या दिवशी पुढे चालू होते. आणि त्या दिवशी कबरेवर दूत होते, हेही विसरू नका.

त्या पहाटेची एक गोष्ट मला आता आठवते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची नातेवाईक, खेड्यातली एक बाई, तिचं नावही मी विचारलं नाही. तिने माझ्या हातात चहाचा कप आणि अर्धा पाव दिला आणि म्हणाली, "खा बाई, अजून लय धावपळ हाय तुला." ती देवदूत होती असं मी म्हणत नाही. संकटात धावून आलेल्याला वर्तमानपत्रं देवदूत म्हणतात, तसं म्हणायचा मोह होतो. पण मला एवढंच कळतं की ज्या देवाने एलीयाला भाकर पाठवली, त्यानेच हा पावही पाठवला. आणि इब्री १३:२ आपल्याला देवदूत शोधायला सांगतच नाही. ते सांगतं की अनोळखी माणसाचा पाहुणचार करा. त्या बाईने तो केला. आता माझी पाळी आहे.

७. लेकराला दिलेलं उत्तर

शेवटी आमच्या पोरीचं उत्तर राहिलं. मत्तय २२:३० मध्ये पुनरुत्थान झालेले लोक देवदूतांसारखे असतील असं प्रभू म्हणतो, पण ते लग्नाच्या बाबतीत. लूक २०:३६ मध्ये ते मरणार नाहीत, म्हणून देवदूतांसमान. 'सारखे' म्हटलंय, 'देवदूत होतील' म्हटलेलं नाही. क्लॅरेन्स हा मेलेला माणूस होता, तो सिनेमाचा देवदूत. शास्त्रात माणूस माणूसच राहतो, आणि ते कमीपणाचं नाही. इब्री १:१४ प्रमाणे देवदूत तर तारणाचं वतन मिळणाऱ्यांच्या सेवेसाठी पाठवलेले आत्मे आहेत. घरच्या मुलीने नोकराचा दर्जा कशाला मागावा?

गेल्या रविवारी उपासनेनंतर मी तिला चर्चच्या पायरीवर बसवलं. म्हटलं, "बाळा, मावशी चुकीचं बोलली होती. आजी देवदूत झाली नाही. प्रभू येशूने एक गोष्ट सांगितली आहे, लाजर नावाच्या गरीब माणसाची. तो मेला तेव्हा देवदूत त्याला उचलून घेऊन गेले. आजीही प्रभूजवळ आहे. आणि एक दिवस प्रभू तिला उठवणार, तिच्या शरीरात, आपल्याला ओळखू येईल अशी."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग गुडघे दुखणार नाहीत ना तिचे?"

"नाही. तिथे दुखणं नाही."

"आणि पंख नाहीत?"

"नाहीत."

"बरं झालं," ती म्हणाली. "आजीला उंचावर भीती वाटायची."

मनन करण्यासाठी प्रश्न

१. देवदूतांबद्दलच्या माझ्या कल्पनांपैकी कोणत्या वचनातून आल्या आणि कोणत्या चित्रांतून, सिनेमांतून?
२. मी प्रार्थनेत दूताची वाट पाहतो की ज्याने दूत पाठवला त्याची?
३. माझ्या आयुष्यात 'याकोबाची' गोष्ट कोणती, आणि ती मी देवापुढे मोकळेपणाने बोललो आहे का?
४. या आठवड्यात कोणत्या झुडपाखालच्या माणसाला मी भाकर आणि पाणी नेऊन देऊ शकतो?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तुझे दूत तुझं मुख पाहतात आणि तुझी आज्ञा पाळतात, त्याबद्दल तुझी स्तुती करतो. आम्ही निरोप्याला पाहत बसलो आणि तुझा निरोप विसरलो, याची क्षमा कर. ज्यांच्यासाठी आज कुणी आलं नाही, त्यांच्याजवळ तू स्वतः राहा. झुडपाखाली बसलेल्यांना भाकर दे, आणि ती घेऊन जायला आम्हाला पाठव. आमच्या प्रियजनांना तुझ्या पुत्राने राखलं आहे या आशेवर आम्हाला टिकव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.